पोर म्हणजे बांध नव्हे

बांधाचा वाद मोजणी आणून मिटवता येतो. पोराचा तसा मिटत नाही. मारहाणीला कंटाळून सून लेकराला घेऊन माहेरी गेली, की बैठक बसते आणि 'पोर बापाचं' म्हणून निकाल होतो. तो निकाल देण्याचा अधिकार बैठकीला नाही.

कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चा. त्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे दंडाधिकारी पोराचा तात्पुरता ताबा आईकडे देऊ शकतात. बापाच्या भेटीने पोराला अपाय होईल असे दिसले, तर भेटही नाकारतात. अर्जाची पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागते. विधी सेवा समितीकडून बाईला वकील मोफत मिळतो.

पोलीस पाटील, सरपंच, शेजारी, कोणीही संरक्षण अधिकाऱ्यांना कळवावे. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कायद्याने ठपका येत नाही. पोर धोक्यात असेल तर १०९८ फिरवा.

पोराला चारचौघांत 'आई हवी की बाबा?' विचारू नका. कोर्टाचा हुकूम झाला असेल, तर त्याची नक्कल शाळेत द्या.

इंदिराबाई हळबे मावशींनी १९५४ साली आपल्या देवरुखात मातृमंदिर सुरू केले, निराधार मुलींना आसरा दिला. आपण निदान वेळेवर कळवू या.