घरच्या स्पीकरचा हिशेब

संगमनेरचा आवाज महाराष्ट्राने ऐकला तो मोकळ्या मैदानात. शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) इथले. विसाव्या शतकात या गावाशी नाते असलेल्या तुकाराम खेडकर–कांताबाई सातारकर यांच्या फडाने गावोगावच्या जत्रा गाजवल्या. फड असो, जत्रा असो की प्रचारसभा, गरज एकच होती: शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द कळला पाहिजे. ती गरज कर्ण्याने भागवली. एका वॅटवर, एक मीटर अंतरावर, चांगला कर्णा १०५ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. घरात ठेवायचा छोटा स्पीकर तेवढ्याच विजेवर ८३ ते ८५ डेसिबलवर थांबतो. वीस डेसिबलचा फरक म्हणजे शंभरपट वीज. कर्ण्याला हे जमते, कारण तो अगदी खालचे आणि अगदी वरचे स्वर सोडून देतो. मैदानात हा सौदा योग्यच आहे, आणि तालुक्याच्या गावांत ध्वनीचे जे कसब रुजले ते याच सौद्याभोवती. खोलीत दोन मीटरवर बसून, गायकाने गायले तसे गाणे ऐकणे ही गरज वेगळी होती. तिचा गेल्या पन्नासेक वर्षांचा प्रवास तपासला की एक गोष्ट ठळकपणे दिसते: चांगल्या छोट्या स्पीकरची जोडी घरी करायला लागणारे हात संगमनेरसारख्या गावांत आधीपासून होते, त्या हातांपर्यंत आकडे मात्र फार उशिरा पोचले.

ज्या रचनेवर आजही बहुतेक स्पीकर चालतात ती चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडली: चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे, वेटोळ्याला चिकटवलेला कागदी कोन. दोनच वर्षांनी, २३ जुलै १९२७ रोजी, मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले. म्हणजे स्पीकर आणि रेडिओ आपल्याकडे जवळजवळ एकाच पिढीत आले. पेटी मात्र बराच काळ फर्निचरच राहिली. रेडिओची पेटी दिवाणखान्यात शोभेल एवढी हवी, स्पीकर तिच्यात बसला म्हणजे झाले. १९७०–८०च्या दशकात टेपरेकॉर्डर आणि अॅम्प्लिफायर घरोघर येऊ लागले, तेव्हाही सुताराला दिलेले माप बहुधा कपाटात किती जागा आहे यावरून ठरे. आत खालच्या स्वरांसाठी एक वूफर, वरच्या स्वरांसाठी एक ट्वीटर आणि ट्वीटरच्या तारेत एक ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, अशी सर्रास जोडणी असे. आठ ओहमच्या ट्वीटरला हा कपॅसिटर ४२०० हर्ट्झच्या आसपास तोडतो, वूफरला काहीच तोडत नाही. दोघे वरच्या पट्टीत एकमेकांवर गातात आणि शब्दांतले ‘स’, ‘श’ टोचू लागतात. यात सुताराचा किंवा रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचा दोष नव्हता. आयातीवरच्या निर्बंधांमुळे १९९१ पूर्वी परदेशी वूफर सहज मिळत नसे, आणि जो मिळे त्याच्यासोबत त्याच्या गुणधर्मांचा कागद क्वचितच येई. ज्या वस्तूचा स्वभाव ठाऊक नाही तिला घर बांधून द्यायचे, असे ते काम होते.

तो स्वभाव आकड्यांत पकडण्याचे काम जगाच्या दुसऱ्या टोकाला झाले. एडगर व्हिल्चर यांनी अमेरिकेत १९५४ मध्ये दाखवून दिले की लहान बंद पेटीतली हवा स्प्रिंगचे काम करते आणि नीट जुळवली तर छोट्या पेटीतूनही खर्ज निघतो. नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियात पेटी आणि वूफर यांचे गणित मांडले. ते जगाच्या नजरेत आले १९७१ मधल्या पुनर्मुद्रणानंतर. पाठोपाठ सिडनी विद्यापीठातल्या रिचर्ड स्मॉल यांनी १९७२–७३ मधल्या लेखांत ते पूर्ण केले. त्यांच्या गणिताचे मोठेपण त्याच्या साधेपणात आहे, म्हणून एक उदाहरण सोडवून पाहणेच बरे. समजा, पाच इंची वूफर मोकळ्या हवेत ५० हर्ट्झला डोलतो, त्याच्या कोनाची लवचीकता १२ लिटर हवेइतकी आहे आणि डोलणे आवरण्याचा त्याचा अंक ०.४ आहे. पेटी ६ लिटरची घेतली तर बाराला सहाने भागून आलेल्या दोनात एक मिळवायचा, तिनाचे वर्गमूळ १.७३ काढायचे आणि त्याने दोन्ही आकडे गुणायचे. ५० चे ८७ हर्ट्झ होतात, ०.४ चा ०.६९ होतो. बंद पेटीत सपाट आवाजासाठी हा दुसरा अंक ०.७ च्या जवळ हवा. म्हणजे पेटी जमली. तीच पेटी २ लिटरची केली तर आकडे १३२ आणि १.०६ होतात: खालचा स्वर जातोच, वर एक फुगवटाही येतो, आणि तबल्याचा डग्गा घुमल्यासारखा वाटतो. आठवीतल्या मुलाला येईल एवढेच हे गणित, पण १९८० साली ते तालुक्याच्या गावात कोणाच्या टेबलावर नव्हते.

हे आकडे आपल्या संगीताला लावले की त्यांचा खरा उपयोग कळतो. काळी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला बोलते. आपली ६ लिटरची पेटी तिथे साडेपाच डेसिबलने कमी पडते. आता मोठी पेटी म्हणजे जास्त खर्ज हा पिढ्यानपिढ्यांचा समज तपासू. याच वूफरला चौपट, २४ लिटरची पेटी दिली तर ६९ हर्ट्झला घट पाच-सव्वापाच डेसिबलची राहते. अडीचपट प्लाय, चौपट जागा, आणि हाती लागलेला फरक कानाला जाणवण्याइतकाही नाही. काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेच्या तानपुऱ्याचा खर्ज १०४ हर्ट्झच्या आसपास असतो. तिच्यासाठी छोटी पेटी पुरेशी आहेच. शिवाय तानपुऱ्याची बरीचशी ताकद जवारीने उमटणाऱ्या वरच्या स्वरांत असते, आणि मूळ स्वर दबलेला असला तरी त्या वरच्या स्वरांवरून कान तो उभा करतो. म्हणून भारतीय गायन ऐकण्यासाठी छोटी बंद पेटी ही तडजोड आहे हे खरे, पण ती फार थोड्या किमतीची तडजोड आहे. नाचाच्या संगीतासाठी हाच निर्वाळा मी देणार नाही.

हे गणित केवळ कागदी नाही याचा सर्वांत भक्कम पुरावा बीबीसीने दिला. बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीत, जिथे मोठा स्पीकर मावतच नाही, तिथे ऐकण्यासाठी तिच्या अभियंत्यांनी १९७०च्या दशकात एलएस३/५ए हा छोटा स्पीकर बांधला: सुमारे ३० सेंटिमीटर उंच, १९ रुंद, १६ खोल. भिंती जाड लाकडाच्या नव्हत्या. पातळ बर्च प्लायला आतून जड थर लावून त्यांचा गुणगुणाट मारला होता. ट्वीटरभोवती नमद्याची चौकट होती, पेटीच्या कडांवरून परतणारा आवाज शोषण्यासाठी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या स्पीकरची रचना १९७६ च्या संशोधन-अहवालात छापली गेली. पाच लिटरच्या पेटीत काय साधते आणि काय सोडावे लागते, हे सगळे उघड लिहिलेले होते. सार्वजनिक संस्थेने आपले ज्ञान असे मोकळे ठेवल्यामुळेच नंतरच्या दोन पिढ्यांतल्या घरगुती कारागिरांना आदर्श मिळाला.

इकडे संगमनेरच्या परिसरात तेव्हा काय होते? प्रवरेच्या पाण्यावर ऊस, उसासाठी विजेचे पंप, आणि पंपांसाठी मोटर रिवाइंडिंगची दुकाने. वूफरला वर तोडायला लागणारी कॉइल म्हणजे इनॅमल केलेल्या तांब्याच्या तारेची मोजकी वेटोळी. जळालेल्या मोटरमध्ये दाट वेटोळी भरणाऱ्या कारागिराला ती अर्ध्या तासाचे काम. फाटलेला कोन आणि जळालेली व्हॉइस कॉइल बदलण्याचे कौशल्य मंडप-लाउडस्पीकरच्या धंद्याने जोपासले होते. सुतार होते, प्लाय होता, पेटीत भरायला गादीवाल्यांकडे कापूस होता. १९८३ मध्ये अमृतवाहिनी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले, म्हणजे गणित जाणणारी माणसेही गावात आली. तरी ही मंडळी एका टेबलाभोवती बसण्याचे कारण घडले नाही. मला यात आपल्या तांत्रिक शिक्षणाची उणीव दिसते: ते हाताला धंद्यात ठेवते आणि आकड्याला परीक्षेत. गेल्या वीसेक वर्षांत हे अंतर कमी झाले ते बाहेरच्या कारणांनी. वूफरसोबत त्याचे आकडे छापून येऊ लागले, पेटीचे गणित करणारी आणि आवाज मोजणारी सॉफ्टवेअर फुकट मिळू लागली, आणि मोजमापाचा माइक काही हजारांत आला.

यावर पहिला आक्षेप पैशाचा येतो. कारखान्याचा ब्लूटूथ स्पीकर दोन-तीन हजारांत मिळत असताना लाकूड कापायचे कशाला? पैसे वाचत नाहीत हे मान्यच केले पाहिजे. चांगले वूफर, ट्वीटर, कपॅसिटर आणि प्लाय यांचा खर्च त्याहून बराच जास्त होतो. पण त्या स्पीकरशी तुलनाच चुकीची आहे. तो एकाच डब्यातून बोलतो, त्यामुळे डावा-उजवा हा फरक उरत नाही, आणि मैफलीत तबला कुठे, गायक कुठे हे कळत नाही. बॅटरी किंवा सर्किट बिघडले की तो बहुधा फेकला जातो. घरच्या जोडीतला प्रत्येक भाग स्क्रूने उघडतो आणि गावातच दुरुस्त होतो.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, आणि तो संगीत जाणणाऱ्यांकडून येतो: आवाज मोजायचा नसतो, ऐकायचा असतो, कानच प्रमाण. या भूमिकेबद्दल मला आदर आहे, कारण घराण्यांची तालीम याच विश्वासावर चालली. पण फ्लॉइड टूल यांनी १९८०च्या दशकात कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत पडद्याआड स्पीकर ठेवून श्रोत्यांकडून गुण घेतले, तेव्हा कानांनीच मोजमापाची बाजू घेतली. नाव आणि किंमत झाकली की बहुतेक श्रोते त्याच स्पीकरना पसंती देत होते ज्यांचा आलेख समोरून सपाट आणि बाजूंनी सुरळीत होता. कान आणि आकडा एकमेकांचे विरोधक नाहीत. डोळ्यांनी आणि किमतीने कानाला फसवले नाही, तर दोघे एकच सांगतात. आपल्या स्पीकरचा आलेख पाहणाऱ्याला ३००० हर्ट्झवरचा उंचवटा आधी दिसतो आणि मग ऐकूही येतो.

आणि एका बाबतीत, स्पीकर आपल्या खोलीला जुळवण्यात, घरचा कारागीर कारखान्याच्या पुढेच असतो. अठरा सेंटिमीटर रुंद पेटीतून ६४० हर्ट्झच्या खालचा आवाज हळूहळू पेटीला वळसा घालून मागे पसरू लागतो आणि मोकळ्या जागेत समोरच्या श्रोत्यापर्यंत सहा डेसिबलपर्यंत कमी पोचतो. स्पीकर भिंतीपासून दूर, स्टँडवर ठेवायचा असेल तर ही घट जवळजवळ पूर्ण भरून काढावी लागते. आपल्याकडच्या दहा बाय बाराच्या खोलीत स्पीकर भिंतीला टेकलेल्या टेबलावरच बसतो. विटा-सिमेंटची ती भिंत खालचा आवाज परत पुढे ढकलते. अशा जागी भरपाई तीन डेसिबलच्या आसपास ठेवायची, म्हणजे वूफरची कॉइल थोडी लहान गुंडाळायची. पूर्ण भरपाई केलेला स्पीकर इथे भरडा आणि जड वाटतो. फरशी शहाबादी असेल तर वरचे स्वर उसळतात, तिथे ट्वीटरला एखाद-दुसऱ्या ओहमचा रेझिस्टर घालून तो डेसिबलभर खाली आणायचा. बंद पेटीने ६९ हर्ट्झला गमावलेले साडेपाच डेसिबलही काही अंशी ही भिंतच परत करते. किती, ते खोलीगणिक बदलते. म्हणून माइक ऐकायच्या खुर्चीवर ठेवून मोजायचे, कॉइलची काही वेटोळी सोडायची आणि पुन्हा मोजायचे.