स्त्रियांमधील हृदयविकार व त्याचा प्रतिबंध : खान्देशच्या संदर्भात

प्रस्तावना :
हृदयविकार हा पुरुषांचा आजार होय, असा समज समाजात रूढ आहे. रजोनिवृत्तीपूर्वी इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे स्त्रीच्या रक्तवाहिन्यांना काही प्रमाणात संरक्षण मिळते, हे खरे आहे. ५२ देशांत झालेल्या व २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात स्त्रियांना पहिला झटका पुरुषांपेक्षा सुमारे ९ वर्षे उशिरा येत असल्याचे दिसून आले. परंतु उशिरा येणे म्हणजे न येणे नव्हे. त्याच अभ्यासानुसार स्त्रियांमधील सुमारे ९४ टक्के धोका तंबाखू, उच्च रक्तदाब, मधुमेह आदी ९ घटकांशी निगडित आहे. हे घटक बदलता येण्याजोगे असल्याने प्रतिबंधास मोठा वाव आहे.

धोक्याचे घटक :
जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या ग्रामीण भागात विडी ओढणारी स्त्री विरळाच. तथापि दात घासण्याच्या निमित्ताने मिसरी लावणाऱ्या स्त्रिया आढळतात. मिसरी ही भाजलेली तंबाखूच असल्याने तिच्यातील निकोटीन रक्तवाहिन्या आकुंचित करून रक्तदाब वाढविते. कापसाच्या या पट्ट्यात पऱ्हाट्या चुलीत जाळल्या जातात. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने अनेक घरांत गॅस पोहोचला. तरीही जेथे चूल पेटते तेथे धुरातील सूक्ष्म कण फुप्फुसांबरोबरच हृदयासही अपाय करतात. पापड, लोणचे व शेव यांतून मीठ नकळत पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ घ्यावे. याउलट कळण्याची भाकरी, डाळी व पालेभाज्या हा हृदयास हितकर आहार खान्देशच्या परंपरेतच आहे.

गर्भारपणातील नोंदींचे महत्त्व :
गर्भारपणी झालेला उच्च रक्तदाब वा मधुमेह प्रसूतीनंतर बहुधा ओसरतो. मात्र अशा स्त्रीस पुढील आयुष्यात हृदयविकाराचा धोका अधिक राहतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०११ च्या मार्गदर्शक तत्त्वांत या बाबींचा धोक्याच्या घटकांत समावेश केला. आपल्याकडे मात्र बाळाचे लसीकरण संपले की माता व बाल संरक्षण कार्ड पेटीत जाते आणि मातेच्या रक्तदाबाची नोंद विस्मरणात जाते. ती नोंद जपून डॉक्टरांना दाखविणे व दरवर्षी रक्तदाब आणि रक्तशर्करा तपासणे आवश्यक आहे.

लक्षणे :
छातीतील वेदना हे स्त्रियांमध्येही प्रमुख लक्षण होय. त्यासोबत वा त्याविना धाप, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणे, अकारण थकवा ही लक्षणे संभवतात. ‘पित्त झाले’ असे म्हणून घरकाम उरकीत राहिल्यास उपचाराचा मोलाचा वेळ हातचा जातो. अशा वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका विनाविलंब बोलवावी.

समारोप :
तिशीपुढील व्यक्तींची रक्तदाब व मधुमेह तपासणी शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य होते. महाविद्यालयांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून ही माहिती विद्यार्थ्यांच्या मातांपर्यंत पोहोचवावी. सर्वांना वाढून शेवटी जेवणारी स्त्री तपासणीच्या रांगेतही शेवटीच उभी राहते. हा क्रम बदलणे हीच प्रतिबंधाची पहिली पायरी होय.