नगर–परगणा एकीकरण

नगर–परगणा एकीकरण : एखादे नगर आणि ते ज्या परगण्यात (काउंटीत) वसले आहे तो परगणा, यांच्या दोन स्वतंत्र शासनसंस्था विसर्जित करून त्यांच्या जागी एकच स्थानिक शासनसंस्था स्थापन करण्याची पद्धती. ही पद्धती मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आढळते. तेथील तीन हजारांहून अधिक परगण्यांपैकी सुमारे चाळीस परगण्यांतच ती अस्तित्वात आली आहे. जेथे जेथे असा प्रस्ताव मतदारांपुढे ठेवण्यात आला, त्यांपैकी बहुतेक ठिकाणी तो फेटाळला गेला. एका वस्तीला एकच कारभार असावा ही कल्पना वरवर पाहता निर्विवाद वाटते. तरीही मतदारांनी ती वारंवार नाकारली. कर कोणी भरावयाचा आणि कोणाच्या मताला किती वजन राहावयाचे, हे दोन प्रश्न प्रशासकीय सोयीच्या प्रश्नाहून प्रबळ ठरले, हे त्याचे कारण होय.

अमेरिकेतील परगणा हा राज्याने आपल्या कारभाराच्या सोयीसाठी पाडलेला विभाग असतो. न्यायालये, तुरुंग, मालमत्तेचे मूल्यनिर्धारण, दस्तऐवजांची नोंदणी, निवडणुका व ग्रामीण रस्ते ही त्याची पारंपरिक कामे. आपल्याकडील जिल्ह्याशी त्याचे साम्य असले, तरी शेरीफ, करनिर्धारक यांसारखे त्याचे अधिकारी बहुधा स्वतंत्रपणे निवडून येतात आणि जिल्हाधिकाऱ्यासारखा एकच प्रमुख त्यांच्यावर असतोच असे नाही. नगर मात्र सनदेने अस्तित्वात येते आणि दाट वस्तीला लागणाऱ्या सेवा पुरविते. नगरवासी हा परगण्याचाही रहिवासी असल्यामुळे तो दोन्हींना कर देतो. हद्दीबाहेरचा रहिवासी केवळ परगण्याला कर देतो. परंतु नोकरीधंद्यासाठी तो रोज नगरात येतो व तेथील रस्ते, उद्याने आणि रुग्णालये वापरतो. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी, महामार्ग आणि सुलभ गृहकर्जे यांमुळे उपनगरे झपाट्याने वाढली, तेव्हा ही विसंगती तीव्र झाली. सधन कुटुंबे हद्दीबाहेर गेली, तर जुन्या नगरात गरिबांचे व कृष्णवर्णीयांचे प्रमाण वाढत गेले.

एकीकरणाचे प्रारंभीचे प्रयोग राज्य विधिमंडळांच्या कायद्यांनी झाले. फिलाडेल्फिया नगर १८५४ पर्यंत सुमारे ५ चौ. किमी. एवढेच होते, त्या वर्षीच्या कायद्याने त्याची हद्द संपूर्ण परगण्याएवढी करण्यात आली. १८४४ च्या दंगलींत दंगलखोर एका हद्दीतून दुसऱ्या हद्दीत जात व एका हद्दीतील पोलिसांचे दुसऱ्या हद्दीत काही चालत नसे. हा अनुभव या कायद्यामागे होता. सॅन फ्रॅन्सिस्को (१८५६) आणि न्यूयॉर्क (१८९८) ही याच काळातील इतर उदाहरणे. सेंट लूइसने याच्या नेमका उलट मार्ग पत्करला. ग्रामीण परगण्याचा भार आपल्यावर नको म्हणून हे नगर १८७६ मध्ये परगण्यापासून अलग झाले आणि त्याने आपली हद्द कायमची आखून घेतली. विसाव्या शतकात संपत्ती व लोकवस्ती त्या हद्दीपलीकडे गेली आणि स्वतः आखलेल्या सीमेतच नगर कोंडले गेले.

युद्धोत्तर काळातील एकीकरणास लुइझियाना राज्यातील बॅटन रूझपासून (१९४९) सुरुवात झाली. तेथे संपूर्ण क्षेत्राचे नागरी, औद्योगिक व ग्रामीण असे विभाग पाडून त्यांना वेगवेगळ्या सेवा व करांचे वेगवेगळे दर लागू करण्यात आले. या कल्पनेचा पुढील विकास टेनेसी राज्याची राजधानी नॅशव्हिल व तिचा डेव्हिडसन परगणा यांच्या एकीकरणात झाला. ते या पद्धतीचे आदर्श उदाहरण समजले जाते.

नॅशव्हिलच्या उपनगरांत १९५० च्या दशकात मलवाहिन्या नव्हत्या. घरोघरी सेप्टिक टाक्या असत. पण चुनखडीच्या खडकावर मातीचा थर पातळ असल्याने सांडपाणी नीट जिरत नसे. आग विझविण्याचे काम खाजगी कंपन्या वर्गणी घेऊन व वर्गणीदारांपुरतेच करीत. टेनेसीच्या संविधानात १९५३ मध्ये झालेल्या दुरुस्तीने एकीकरणास परवानगी मिळाली. मात्र नगरातील मतदारांचे आणि नगराबाहेरील मतदारांचे बहुमत वेगवेगळे मोजले जावे व दोन्ही अनुकूल असावेत, अशी अट तीत होती. १९५८ च्या मतदानात नगराने प्रस्ताव स्वीकारला. हद्दीबाहेरील मतदारांनी तो फेटाळला. वाढीव कर आणि मोठे शासन यांची त्यांना धास्ती वाटत होती.

त्यानंतरच्या चार वर्षांत जे घडले त्याने उपनगरांचे मत पालटले. राज्याच्या कायद्यानुसार नगराला मतदान न घेता लगतचा प्रदेश आपल्या हद्दीत जोडता येत असे. महापौर बेन वेस्ट यांच्या कारकीर्दीत नगराने सुमारे १३० चौ. किमी. प्रदेश असा जोडून घेतला. तेथील रहिवाशांवर नगराचा कर तत्काळ बसला. सेवा मात्र हळूहळूच येऊ लागल्या. शिवाय नगराचे रस्ते वापरणाऱ्या मोटारींवर दहा डॉलरचा कर बसवून तो भरल्याची हिरवी चिठ्ठी गाडीच्या काचेवर लावण्याची सक्ती करण्यात आली. हद्दीबाहेरचे मोटारमालकही तीतून सुटले नाहीत. एकीकरण न झाल्यास नगर आपल्याला तुकड्यातुकड्याने गिळंकृत करील, असे उपनगरवासीयांना वाटू लागले. २८ जून १९६२ रोजी दोन्ही विभागांनी नवी सनद मान्य केली. विशेष म्हणजे या खेपेस नगराच्या मूळ हद्दीत विरोध अधिक होता आणि नव्याने जोडलेल्या भागाने भरघोस पाठिंबा दिला. १९५८ मध्ये एकीकरणाच्या बाजूने असलेले वेस्ट या वेळी विरोधात होते. हे मतदान काही अंशी त्यांच्याविरुद्धचा कौलही होता. परगण्याचे प्रमुख बेव्हर्ली ब्रायली हे नव्या शासनाचे पहिले महापौर झाले आणि १ एप्रिल १९६३ पासून सुमारे १,३६० चौ. किमी. क्षेत्रावर एकच शासन सुरू झाले.

या सनदेतील महत्त्वाची तरतूद म्हणजे दोन सेवा क्षेत्रे. सर्वसाधारण सेवा क्षेत्रात संपूर्ण परगणा मोडतो. शाळा, न्यायालये, आरोग्य, रस्ते, उद्याने व मूलभूत पोलीस संरक्षण या सेवा त्यात सर्वांना मिळतात व सर्वांवर एकच दर लागू होतो. नागरी सेवा क्षेत्र दाट वस्तीपुरते मर्यादित असून अग्निशमन, मलनिःसारण, रस्त्यांवरील दिवे व कचरा उचलणे यांसाठी तेथे अतिरिक्त कर द्यावा लागतो. सेवा देण्याची तयारी झाल्यावरच या क्षेत्राची हद्द पुढे सरकते. जे मिळत नाही त्याचा कर नाही, असे आश्वासन शेतकऱ्याला व दूरच्या उपनगरवासीयाला त्यामुळे देता आले. बेल मीडसारखी सहा लहान नगरे मात्र आपले स्वतंत्र अस्तित्व राखून राहिली. एकीकरणाच्या बहुतेक योजनांत अशी तडजोड आढळते. नावाने संपूर्ण असलेले एकीकरण प्रत्यक्षात क्वचितच संपूर्ण असते.

एकीकरणाचा सर्वांत नाजूक भाग प्रतिनिधित्वाचा होय. जुन्या नॅशव्हिल नगरात कृष्णवर्णीयांचे प्रमाण १९६० च्या सुमारास ३८ टक्क्यांच्या आसपास होते. संपूर्ण परगण्यात ते त्याच्या निम्मेच होते. नगरातील वाढते मतबळ हाती येण्याच्या बेतात असतानाच विरून जाईल, ही भीती निराधार नव्हती. सनद तयार करणाऱ्या आयोगावर झेड. अलेक्झांडर लूबी हे कृष्णवर्णीय विधिज्ञ व नगर परिषदेचे सदस्य होते. महानगर परिषद चाळीस सदस्यांची ठेवून त्यांपैकी पस्तीस जण लहान प्रभागांतून निवडण्याच्या व्यवस्थेमुळे कृष्णवर्णीय प्रतिनिधी परिषदेत येत राहिले. परंतु सर्व मतदारांनी निवडावयाच्या महापौरपदावर २०२३ च्या निवडणुकीपर्यंत एकही कृष्णवर्णीय व्यक्ती आली नाही. त्याच राज्यातील मेम्फिसमध्ये एकीकरण १९६२, १९७१ व २०१० अशा तिन्ही वेळी फेटाळले गेले आणि तेथे १९९१ मध्ये विली हेरेंटन हे कृष्णवर्णीय महापौर निवडून आले. या दोन नगरांतील फरकाचे सर्व श्रेय वा दोष एकीकरणाला देता येणार नाही. तथापि तो दुर्लक्षिण्याजोगाही नाही.

फ्लॉरिडातील जॅक्सनव्हिल येथे हाच पेच अधिक ठळकपणे दिसला. तेथील शाळांची मान्यता १९६४ मध्ये काढून घेण्यात आली होती, सेंट जॉन्स नदीत प्रक्रिया न केलेला मैला सोडला जात होता आणि १९६६ मध्ये अनेक अधिकाऱ्यांवर भ्रष्टाचाराचे आरोप ठेवण्यात आले होते. जुन्या शासनाविषयीच्या या संतापातून ८ ऑगस्ट १९६७ रोजी ड्यूव्हॅल परगण्याशी एकीकरण संमत झाले व १ ऑक्टोबर १९६८ पासून अंमलात आले. त्याच १९६७ साली सॅली मॅथिस व मेरी सिंगल्टन या दोन कृष्णवर्णीय स्त्रिया नगर परिषदेवर निवडून आल्या होत्या. ज्या परिषदेत त्यांना नुकताच प्रवेश मिळाला होता, ती परिषदच विसर्जित व्हावयाची होती. तरीही कृष्णवर्णीय पुढाऱ्यांपैकी अनेकांनी, परिषदेत निश्चित प्रभाग मिळावेत व वस्त्यांत सेवा याव्यात या अपेक्षेने, एकीकरणास पाठिंबा दिला. नदीत मैला सोडणे सुमारे दशकभरात थांबले. मात्र जुन्या कृष्णवर्णीय वस्त्यांपैकी अनेकींना आश्वासन दिलेल्या मलवाहिन्या पुढील कित्येक दशके मिळाल्या नाहीत.

इंडियाना राज्यातील इंडियानापोलिस व मॅरियन परगणा यांचे एकीकरण ‘युनिगव्ह’ या नावाने ओळखले जाते. महापौर रिचर्ड लूगर यांच्या पुढाकाराने विधिमंडळाने १९६९ मध्ये तसा कायदा केला व तो १ जानेवारी १९७० पासून अंमलात आला. मतदान घेण्यातच आले नाही. लोकसंख्या १९६० मधील सुमारे ४ लाख ७६ हजारांवरून १९७० च्या जनगणनेत सुमारे ७ लाख ४५ हजार झाली. उपनगरांतील मतदार सामील झाल्याने महापौरपद १९९९ च्या निवडणुकीपर्यंत रिपब्लिकन पक्षाकडेच राहिले. या योजनेतून शाळा, पोलीस व अग्निशमन ही खाती वगळण्यात आली होती. शाळा सामील केल्या असत्या तर कायदा संमत होणे कठीण होते, हे उघड गुपित होते.

या वगळणुकीचे परिणाम न्यायालयांत दिसले. नॅशव्हिलमध्ये शाळांचेही एकीकरण झाले असल्याने १९७१ मध्ये न्यायालयाला वर्णविलगता दूर करण्यासाठी संपूर्ण परगण्यात मुलांची बसने वाहतूक करण्याचा आदेश देता आला. डिट्रॉइटच्या प्रकरणात (१९७४) सर्वोच्च न्यायालयाने मात्र, विलगतेस कारण न ठरलेल्या उपनगरी शाळा-जिल्ह्यांवर असा आदेश लादता येणार नाही, असा निर्णय दिला. हद्द ही अशा रीतीने घटनात्मक तटबंदी ठरली. इंडियानापोलिसमध्ये शाळा मुद्दाम वगळल्या गेल्या, हीच बाब विलगतेचा पुरावा म्हणून पुढे आली आणि दीर्घ खटल्यानंतर १९८१ पासून नगरातील कृष्णवर्णीय मुलांना उपनगरी शाळांत पाठविण्यात येऊ लागले. प्रवासाचा भार केवळ त्यांच्यावरच पडला. गौरवर्णीय मुले उलट दिशेने पाठविली गेली नाहीत.

एकीकरणाने काटकसर होते हा समर्थकांचा नेहमीचा दावा होय. अभ्यासांतून त्याला एकसारखा दुजोरा मिळत नाही. दोन खाती एक करताना कर्मचाऱ्यांचे वेतन बहुधा दोहोंतील वरच्या पातळीवर आणावे लागते आणि सेवांची अपेक्षाही वाढते. दुहेरी अधिकारपदे कमी होणे, नियोजन एकत्र होणे व उत्तरदायित्व निश्चित होणे हे लाभ अधिक खरे आहेत. मोठी संस्था अधिक कार्यक्षम असते या गृहीतकालाही आव्हान मिळाले. एलिनॉर ऑस्ट्रम (२००९ च्या अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्काराच्या मानकरी) यांनी १९७० च्या सुमारास इंडियानापोलिस परिसरातील लहान नगरांच्या पोलीस दलांची तुलना लगतच्या, तशाच वस्तीतील मोठ्या दलाशी केली. तीत लहान दलांची सेवा नागरिकांच्या दृष्टीने सरस आढळली. युनिगव्हमधून वगळलेल्या पोलीस खात्याचे एकीकरण पुढे २००७ मध्ये झाले.

केंटकी राज्यातील लूइव्हिल व जेफर्सन परगणा यांचे एकीकरण १९५६, १९८२ आणि १९८३ असे तीनदा फेटाळले गेल्यावर नोव्हेंबर २००० मध्ये संमत झाले व जानेवारी २००३ पासून अंमलात आले. तेथेही कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशावरून एक पंचमांशाजवळ आले. परगण्यातील ऐंशीहून अधिक लहान नगरे तशीच ठेवण्यात आली. सेंट लूइसला १८७६ च्या विभक्तीनंतर परगण्याशी पुन्हा जोडण्याची योजना २०१९ मध्ये मांडण्यात आली. तीवर संपूर्ण राज्यात मतदान घेण्याचा बेत होता. स्थानिक मतदारांना डावलले जाते या आक्षेपामुळे तीव्र विरोध झाला आणि त्याच वर्षी ती मागे घेण्यात आली.