लगदा, खळ आणि काही महागडे गैरसमज

शाळेच्या गॅदरिंगसाठी मुखवटा करायचा ठरला की अर्जुनी मोरगावातही आधी दुकानातून पांढऱ्या गोंदाचा डबा येतो. त्याशिवाय कागद धरतच नाही, अशी समजूत. धानाच्या तालुक्याला ती शोभत नाही. राइस मिलमधून निघणारी कनकी दळली की खळीचं पीठ तयार. विकतचा गोंद वाळल्यावर ओलाव्याला जास्त टिकतो, हे खरं. पण पावसात ठेवायची वस्तू कागदाची करावीच कशाला?

पीठ पाण्यात कालवलं की खळ झाली, असंही अनेकांना वाटतं. तसं होत नाही. थंड पाण्यात पीठ नुसतं तळाशी बसतं. पाणी साधारण ७० ते ८० अंशांपर्यंत तापलं की त्यातला स्टार्च फुगतो आणि मगच चिकटपणा येतो. एक वाटी पीठ थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवावं, ते चार-पाच वाट्या उकळत्या पाण्यात बारीक धारेने सोडावं आणि ढवळत राहावं. दुधी रंग जाऊन काचेसारखी झाक आली, पळीवरून जाड धार पडू लागली, की उतरवावं. भाताची पेजही चालते, फक्त आटवावी लागते.

‘मीठ टाका, बुरशी येणार नाही’ हा सल्ला तर घरोघरी मिळतो. मीठ हवेतला ओलावा ओढतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीचं काय होतं ते आठवा. बुरशी थांबते वाळवण्याने. पातळ थर द्यावा, तो खडखडीत वाळला की पुढचा. लगद्याचा जाड गोळा एकदम थापला तर वरून टणक, आत ओला, आणि चार दिवसांत कुबट वास. म्हणून हे काम धान कापणीनंतरच्या कोरड्या दिवसांतलं. खळीत मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, पण ते विष आहे. मुलांच्या हातात नकोच.

कागद कोणताही चालत नाही. चकचकीत मासिकांच्या पानांवर खनिजाचा लेप असतो, ती पाणी पीत नाहीत. वर्तमानपत्र उत्तम. अंड्यांचे ट्रे त्याहून सोपे, कारण ते मुळात लगद्याचेच.

कागद आणि मेथी कुटून केलेल्या जुन्या टोपल्यांबद्दल ऐकू येतं की मेथीमुळे कीड लागत नाही. भिजवून वाटलेल्या मेथीचा बुळबुळीत चीक लगदा बांधून ठेवतो, हे तिचं खरं काम. वाळवीला कागद म्हणजे लाकूडच, आणि कसरीला खळ आवडते. मेथीच्या भरवशावर टोपली जमिनीवर ठेवू नये. शिवाय रद्दीत शाई असते. अन्न वर्तमानपत्रात बांधायला २०१८च्या अन्नसुरक्षा नियमांनी मनाई आहे. तेव्हा या टोपलीत चाव्या, लोकर, सुईदोरा ठेवा; मुरमुरे नकोत.

राहिला गणपती. ‘कागदी मूर्ती म्हणजे पर्यावरणपूरक’ हे राज्य सरकारलाही वाटलं होतं. कागदी लगद्याच्या मूर्तींना प्रोत्साहन देणारं २०११चं परिपत्रक होतं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६मध्ये त्याला स्थगिती दिली. शाई, रंग आणि लगद्यात मिसळलेली खडूची भुकटी शेवटी पाण्यातच उतरते. नवेगावबांधच्या या तलावांच्या मुलखात मूर्ती मातीची असावी. लगद्याचं मखर करा, ते पुढच्या वर्षीही कामी येतं.