कुत्र्याच्या लघवीच्या जागेतून रक्त येतंय? हाकलून देऊ नका, हा बरा होणारा कर्करोग असू शकतो

🐕 *पशुधन सल्ला : वस्तीवरचं राखणीचं कुत्रं*



गाई-म्हशी आणि शेळ्यांबद्दल आपण या संदेशातून नेहमी बोलतो. आज कुत्र्याबद्दल बोलायचं आहे. रात्री डुकरं हुसकावणारं, शेळ्यांच्या गोठ्यापाशी बिबट्याची चाहूल देणारं कुत्रं वस्तीवर जवळपास प्रत्येकाकडे असतं. पण ते आजारी पडलं की डॉक्टरांना बोलावणं कमीच होतं. त्यातही लघवीच्या जागेतून रक्त ठिबकायला लागलं की "घाण रोग झालाय" म्हणून त्याला लांब सोडून दिलं जातं. हा संदेश त्याबद्दलच आहे. संदेश थोडा मोठा आहे, पण शेवटपर्यंत वाचा.

*आत्ताच का सांगतोय?*

गावाकडची कुत्री बहुतेक भाद्रपदाच्या सुमाराला माजावर येतात, हे आपण सगळे पाहतो. एका कुत्रीमागे पाच-सहा कुत्रे असतात. त्याच वेळी हा रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातो. गाठ मात्र लगेच दिसत नाही. साधारण दोन ते सहा महिन्यांनी दिसते. म्हणजे भाद्रपदात लागण झाली असेल तर दिवाळीनंतर, संक्रांतीला नाहीतर होळीपर्यंत लक्षणं दिसायला लागतात. या काळात आपल्या कुत्र्याकडे मुद्दाम लक्ष द्या.

*हा रोग नेमका काय आहे?*

याला पशुवैद्यक "संसर्गजन्य लैंगिक गाठ" किंवा इंग्रजी आद्याक्षरांवरून "टीव्हीटी" म्हणतात. हा खरोखरचा कर्करोग आहे, पण इतर कर्करोगांपेक्षा वेगळा. बैलाच्या शिंगाचा कर्करोग आपल्याला माहीत आहे. तो त्या बैलाच्याच पेशी बिघडून होतो आणि शेजारच्या बैलाला लागत नाही. टीव्हीटीमध्ये आजारी कुत्र्याच्या गाठीतल्या जिवंत पेशीच दुसऱ्या कुत्र्याच्या अंगावर रुजतात, जसं उसाचं बेणं दुसऱ्या रानात लावलं की तिथंही तोच ऊस उगवतो. हजारो वर्षांपूर्वी एका कुत्र्यात तयार झालेली ही गाठ आजपर्यंत अशीच एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जात जगभर पसरली आहे. 1876 साली नोविन्स्की नावाच्या रशियन पशुवैद्यकाने एका कुत्र्याची अशी गाठ दुसऱ्या कुत्र्यात रुजवून दाखवली होती.

लागण मुख्यतः लागण्याच्या (मिलनाच्या) वेळी होते. आजारी कुत्र्याची जागा चाटल्याने, हुंगल्यानेही होते. त्यामुळे कधीकधी गाठ नाकात, तोंडात किंवा कातडीवरही येते.

✅ माणसाला हा रोग होत नाही. गाय, म्हैस, शेळीलाही होत नाही. त्यामुळे घाबरून कुत्रं सोडून द्यायची गरज नाही. उलट, सोडलेलं कुत्रं गावभर फिरून आणखी कुत्र्यांना रोग देतं.

*ओळखायचा कसा?*

1️⃣ नर कुत्रा : लघवीच्या जागेतून थेंब थेंब रक्त. बसल्या जागी रक्ताचे डाग. सारखं तिथं चाटणं. लिंगावरची कातडी हळूच मागे सरकवली तर आत लालभडक, फुलकोबीच्या गड्ड्यासारखी खरबरीत गाठ दिसते. हात लावला की लगेच रक्त येतं. बरेच जण याला "उष्णता वाढली" म्हणून ताक-पाणी पाजत बसतात. नराच्या लघवीच्या जागेतून रक्त येणं हे कधीच साधं नसतं.

2️⃣ कुत्री : इथं फसगत होते, कारण माजातही रक्त येतं. एक हिशोब लक्षात ठेवा. माज साधारण तीन आठवड्यांत आटोपतो आणि दोन माजांत पाच-सहा महिन्यांचं तरी अंतर असतं. तीन आठवडे उलटूनही रक्त थांबत नसेल, किंवा मध्येच सुरू झालं असेल, तर तपासून घ्या.

3️⃣ नाकातली गाठ : एकाच नाकपुडीतून रक्त, शिंका, नाकावर सूज. गोचिडांमुळे होणाऱ्या तापातही नाकातून रक्त येतं. म्हणून अंदाजावर उपचार नकोत.

🚨 *हे वेगळं आणि तातडीचं :* माज संपल्यावर एक-दोन महिन्यांत कुत्री खूप पाणी प्यायला लागली, खाणं सोडलं, पोट फुगलं, घाण वासाचा स्राव येऊ लागला, तर तिच्या गर्भाशयात पू झालेला असू शकतो. स्राव न येताही असं होऊ शकतं. ही कर्करोगाची गाठ नाही, पण त्याच दिवशी डॉक्टर गाठला नाही तर कुत्री दगावू शकते.

*उपचार : सदाफुलीचं औषध, पण डॉक्टरांच्याच हातून*

डॉक्टर गाठीवर काचपट्टी टेकवून किंवा बारीक सुईने पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. टीव्हीटीच्या पेशी सहसा ओळखू येतात. त्यानंतर "विनक्रिस्टीन" नावाचं इंजेक्शन आठवड्यातून एकदा शिरेतून दिलं जातं. बहुतेक कुत्र्यांना चार ते सहा इंजेक्शनं लागतात, काहींना थोडी जास्त. दहातली नऊ कुत्री यात पूर्ण बरी होतात. इतक्या खात्रीने बरे होणारे कर्करोग फार थोडे आहेत. औषध जुनं आहे आणि कर्करोगाच्या इतर औषधांच्या मानाने बरंच स्वस्त आहे.

हे औषध मूळ आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून मिळालेलं आहे. पण म्हणून सदाफुलीचा पाला वाटून किंवा काढा करून पाजू नका. ती वनस्पती विषारी आहे. पाल्यातून किती औषध पोटात गेलं हे कुणालाच मोजता येत नाही.

हे चार नियम पाळा :

▪️ *इंजेक्शन मध्येच बंद करू नका.* पहिल्या-दुसऱ्या इंजेक्शनलाच रक्त थांबतं, गाठ निम्मी होते. मग वाटतं, झालं बरं, आता पुन्हा तालुक्याला कशाला जायचं. इथंच चूक होते. उरलेल्या पेशी पुन्हा वाढतात. गाठ पूर्ण गेली असं डॉक्टर सांगेपर्यंत जात राहा.

▪️ *घरी टोचू नका, कुणाकडूनही टोचून घेऊ नका.* हे औषध शिरेबाहेर सांडलं तर तिथलं मांस सडतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशीही कमी होतात, म्हणून डॉक्टर मध्ये रक्त तपासायला सांगतात. इंजेक्शननंतर ताप, सतत उलट्या किंवा दोन दिवस खाणं बंद असं झालं तर लगेच कळवा.

▪️ *तीन-चार दिवस विष्ठा-लघवी जपून.* औषधाचा काही भाग त्यातून बाहेर पडतो. हातमोजे घालून विष्ठा उचला आणि खोल पुरा. लहान मुलं आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाया त्या कामापासून लांब राहू द्या.

▪️ *बरं होईपर्यंत बांधून ठेवा.* दुसऱ्या कुत्र्यांत मिसळू देऊ नका.

❌ गाठीवर चुना, मीठ, रॉकेल, फिनेल, जळकं ऑइल किंवा शेतातलं कीटकनाशक अजिबात लावू नका. जखमेत अळ्या पडल्या तरी नाही. कुत्रं जखम चाटतं आणि ते विष थेट पोटात जातं.
❌ गाठ दोऱ्याने बांधून किंवा ब्लेडने कापून काढू नका.
❌ दुखतंय म्हणून माणसाची दुखण्यावरची गोळी देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडं निकामी होतात.

*इतर गाठी : वाटाणा आणि महिना*

सगळ्या गाठी टीव्हीटीच्या नसतात. कुत्रीच्या सडांजवळची गाठ आपल्याकडे खूप दिसते. सात-आठ वर्षांपुढच्या, नसबंदी न झालेल्या कुत्रीत ती जास्त होते. त्यातल्या काही साध्या असतात, काही कर्करोगाच्या, आणि हाताला लागून ते कळत नाही. लिंबाएवढी होईपर्यंत वाट बघितली तर ती फुप्फुसात पसरलेली असू शकते. बोराएवढी असतानाच काढली तर कुत्री वाचायची शक्यता बरीच जास्त असते.

म्हणून एक सोपी खूण : *गाठ वाटाण्यापेक्षा मोठी आहे, किंवा महिनाभर जात नाही, तर डॉक्टरांना दाखवा.* गाठ कुठलीही असो.

याशिवाय या गोष्टींकडे लक्ष ठेवा :
▪️ तीन आठवड्यांत न भरणारी जखम, विशेषतः पांढऱ्या कुत्र्याच्या नाकावर, कानाच्या टोकावर
▪️ जबड्याखाली, खांद्यापुढे किंवा मागच्या गुडघ्यामागे एकदम आलेल्या टणक गाठी
▪️ तोंडात काळी किंवा लाल गाठ, लाळेतून रक्त, तोंडाची दुर्गंधी
▪️ मार न लागता सुरू झालेलं आणि न थांबणारं लंगडणं, हाडावर सूज
▪️ खाणं ठीक असून वजन उतरणं

*महिन्यातून पाच मिनिटं*

महिन्याच्या पहिल्या तारखेला कुत्र्याला जवळ घ्या. नाकापासून शेपटीपर्यंत हात फिरवा. ओठ उचलून हिरड्या बघा. जबड्याखाली, काखेत, जांघेत चाचपा. कुत्रीचे सड एकेक करून बोटांत धरून बघा. सड साधारण दहा असतात, मागचे दोन जोड जास्त नीट बघा. शेवटी लघवीची जागा.

कुत्रं दुखणाईत असेल तर ओळखीचंही चावतं. आधी सुती पट्टीने तोंड बांधा, मग हात लावा. चावलंच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा.

📱 गाठ सापडली तर शेजारी एक रुपयाचं नाणं धरून मोबाईलवर फोटो काढा. फोटोवर तारीख राहतेच. वाढते की नाही ते पुढच्या वेळी कळेल, आणि डॉक्टरांनाही दाखवता येईल. फोटो आला म्हणजे तपासणी झाली असं मात्र समजू नका.

*पुढची दहा वर्षं कुत्रं धडधाकट राहावं म्हणून*

✔️ *नसबंदी :* टीव्हीटी टाळायचा सर्वात पक्का उपाय, कारण कुत्रं मागे धावत फिरत नाही. कुत्रीत पहिल्या माजाआधी किंवा लवकरात लवकर केली तर सडांच्या गाठी होण्याचं प्रमाणही घटतं, आणि गर्भाशयात पू होण्याची भीती जाते. पिल्लं नको असतील तर हे काम भाद्रपदाच्या आधी उरका.

✔️ *लसी आणि जंत :* रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात आणि मग दरवर्षी. जंताचं औषध मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी. गोचिडांसाठी कुत्र्याचंच औषध डॉक्टरांना विचारून घ्या.

✔️ *फवारणीचा दिवस :* अमेरिकेत 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तणनाशक मारलेल्या हिरवळीवर वावरणाऱ्या स्कॉटिश टेरियर जातीच्या कुत्र्यांत मूत्राशयाचा कर्करोग जास्त आढळला होता. आपल्या कुत्र्याला तसंच होईल असा त्याचा अर्थ नाही, पण काळजी फुकटात घेता येते. फवारणी चालू असताना आणि रान वाळेपर्यंत कुत्रं बांधून ठेवा. औषधाचा रिकामा डबा कापून त्याला पाणी प्यायला ठेवू नका.

✔️ *वय :* सात वर्षांनंतर वर्षातून दोनदा डॉक्टरांना दाखवा. गाईच्या तपासणीला डॉक्टर वस्तीवर आले की त्याच फेरीत कुत्र्यावर नजर टाकायला सांगा.

*दाखवायचं कुठे?*

आधी जवळचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना. 1962 या टोल फ्री क्रमांकावर फोन करून आपल्या भागात काय सोय आहे ते विचारा. शस्त्रक्रिया किंवा पुढच्या तपासण्या लागल्या तर परळ (मुंबई), शिरवळ, नागपूर, परभणी आणि उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत कुत्र्यांवर उपचार होतात. जाण्याआधी विनक्रिस्टीन तिथं मिळतं की बाहेरून आणावं लागेल, हे फोनवर विचारून घ्या, म्हणजे हेलपाटा पडणार नाही. वस्तीवरच्या दोघा-तिघांची कुत्री आजारी असतील तर एकाच वारी एकाच गाडीतून न्या. दर आठवड्याचं भाडं वाटून जाईल आणि कुणाचंच इंजेक्शन चुकणार नाही.

आज संध्याकाळी भाकरी टाकायला जाल तेव्हा कुत्रं जिथं बसतं ती जागा एकदा बघा. रक्ताचा डाग दिसला तर उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करा.

हा संदेश आपल्या वाडी-वस्तीवरच्या इतर शेतकऱ्यांनाही पाठवा.

🌾 *आपली शेतकरी उत्पादक कंपनी*
पशुधन सल्ला सेवा, फक्त सभासदांसाठी
(हा सल्ला माहितीसाठी आहे. औषधाचं प्रमाण आणि उपचार पशुवैद्यकच ठरवतील.)