सरडगुहिरा : बंदिवासातील निवासव्यवस्था

सरडगुहिरा (शॅमेलिऑन) : बंदिवासातील निवासव्यवस्था. शॅमेलिऑनिडी कुलातील वृक्षवासी सरड्यांसाठी लागणारा पिंजरा आणि त्यातील फांद्या, प्रकाश, उष्णता व पाणी यांची एकत्रित योजना. बंदिवासातील सरडगुहिऱ्याचे बरेचसे विकार सदोष निवासातून उद्भवतात. ठिसूळ हाडे, निर्जलीभवनाने होणारा मूत्रपिंडाचा ऱ्हास आणि दिव्याने भाजणे हे त्यांपैकी प्रमुख होत.

कोणता प्राणी ठेवता येतो, हे प्रथम स्पष्ट असावे. महाराष्ट्राच्या झाडीत आढळणारा भारतीय सरडगुहिरा (शॅमेलिओ झेलॅनिकस) हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित असून त्यास पकडणे किंवा पाळणे हा गुन्हा आहे. तो विषारी असल्याची समजूत निराधार आहे. शेतात वा रस्त्यावर जखमी प्राणी सापडल्यास वन विभागास १९२६ या दूरध्वनी क्रमांकावर कळवावे. पाळण्यासाठी बहुधा येमेन व नैर्ऋत्य सौदी अरेबिया येथील तुरेवाला सरडगुहिरा (शॅमेलिओ कॅलिप्ट्रेटस) निवडला जातो. आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात त्याचा समावेश आहे. अधिनियमातील २०२२ ची दुरुस्ती व २०२४ चे नियम यांनुसार अशा प्राण्याची नोंदणी बंधनकारक आहे.

पिंजरा निवडताना लांबीरुंदीपेक्षा उंचीकडे अधिक लक्ष द्यावे लागते. पूर्ण वाढलेल्या नरासाठी निदान ६० सेंमी. लांब, ६० सेंमी. रुंद व १२० सेंमी. उंच, तर मादीसाठी ४५ × ४५ × ९० सेंमी. एवढी जागा हवी. बाजू जाळीच्या असाव्यात. उघड्या तारेत नख अडकून तुटते, म्हणून प्लॅस्टिकचा लेप दिलेली बारीक जाळी योग्य ठरते. काचेच्या पेटीत हवा कोंडते, शिवाय स्वतःचे प्रतिबिंब पाहून नर सतत क्षुब्ध राहतो. याच कारणाने दोन प्राणी एकत्र ठेवू नयेत. ते एकमेकांच्या दृष्टीसही न पडलेले बरे. पिंजरा जमिनीवर न ठेवता मेजावर ठेवावा. माणसाच्या नजरेपेक्षा उंच बसावयास मिळाले, की हा प्राणी निर्धास्त असतो.

त्याच्या पायांची बोटे दोन व तीन अशा गटांत जुळलेली असून त्यांचा चिमट्यासारखा उपयोग होतो. म्हणून बोटाएवढ्या व त्याहून जाड अशा निरनिराळ्या फांद्या आडव्या आणि तिरप्या बांधाव्यात. तुरेवाला सरडगुहिरा पानेही खातो. त्यामुळे जास्वंदीसारखी निर्धोक झाडे लावावीत. कण्हेर, रुई व धोतरा पूर्णपणे टाळावीत. प्रौढ मादीचा नराशी संबंध आला नसला, तरी ती अंडी घालते. उकरण्यासाठी सुमारे ३० सेंमी. खोल ओलसर वाळूचे भांडे न मिळाल्यास अंडी पोटातच अडकून ती दगावू शकते.

दिवसा पिंजऱ्यात २२° ते २७° से. तापमान, तर वरच्या एका फांदीवर सुमारे ३०° से.पर्यंत ऊब असावी. मादीस त्याहून थोडी कमी ऊब पुरते. दिवा जाळीच्या बाहेर ठेवावा. कॅल्शियमाच्या शोषणासाठी लागणारे ड जीवनसत्त्व जंबुपार किरणांमुळे त्वचेत तयार होते. खिडकीच्या काचेतून हे किरण आत येत नाहीत. त्यांसाठी खास नळी लावावी लागते. तिची किरणक्षमता नळी चालू असतानाच क्षीण होत जाते, म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत ती बदलावी. सरडगुहिरा वाटीतील साचलेले पाणी सहसा ओळखत नाही. पानांवरून ओघळणारे थेंब तो चाटतो. पहाटे व सायंकाळी फवारा, दिवसा थेंबथेंब ठिबकणारे भांडे आणि तळाशी निचरा अशी व्यवस्था करावी. दोन फवाऱ्यांमध्ये पिंजरा कोरडा झालाच पाहिजे, नाहीतर बुरशी येते.

वरील आकडे बहुतांशी शीत हवामानाच्या देशांतील अनुभवावर आधारलेले आहेत, ते विदर्भात जसेच्या तसे लागू पडत नाहीत. यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातील राजूरसारख्या गावी मे महिन्यात पारा ४५° से.च्या आसपास जातो. तेथे प्रश्न ऊब देण्याचा नसून ती टाळण्याचा आहे. अशा दिवसांत उष्णतेचा दिवा बंद ठेवून फक्त जंबुपार नळी चालू ठेवावी. पिंजरा पत्र्याच्या छताखाली किंवा पश्चिमेच्या भिंतीलगत ठेवू नये. प्राणी फिकट पडून तोंड उघडे ठेवू लागल्यास तो तापला आहे असे समजावे. कूलरने खोली थंड होते व ओलावाही वाढतो, मात्र त्याचा झोत थेट अंगावर येऊ देऊ नये. पावसाळ्यात उलट फवारे कमी करून हवा खेळती ठेवावी लागते. हिवाळ्यात रात्रीचे तापमान १५° से.खाली गेल्यास पिंजरा आतल्या खोलीत हलवावा.

राजूर हे कोळशाच्या खाणीचे व चुन्याच्या भट्ट्यांचे गाव. अशा ठिकाणची धूळ जाळीवर, पानांवर आणि नळीवरही बसते. नळीवरील थर किरण अडवितो, तर पानांवरील धूळ थेंबांबरोबर पोटात जाते. म्हणून पाने वरचेवर धुवावीत व नळी पुसावी. भोवतालच्या कपाशीच्या शेतातील नाकतोडे खाद्य म्हणून आणण्याचा मोह होतो, पण तो घातक आहे. कपाशीवरील कीटकनाशकांच्या फवारणीने २०१७ मध्ये याच जिल्ह्यात अनेक शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा होऊन काहींचा मृत्यू झाला. अशा फवारणीतून वाचलेल्या किड्यात राहिलेला अंश लहान प्राण्यास मारक ठरू शकतो. खाद्यासाठी झुरळे वा रातकिडे घरीच वाढवावेत आणि प्राण्यास देण्यापूर्वी त्यांना हिरवा पाला खाऊ घालावा.