टेनिसच्या शिडीची खालची पायरी

आम्हां उचगावकरांना टेनिस परके असले, तरी कुस्ती ही घरचीच. जत्रेच्या फडात शेवटची निकाली कुस्ती पाहावयास सारा गाव लोटतो. परंतु दुपारच्या उन्हात नारळावर किंवा थोड्याशा इनामावर लढून गेलेल्या मल्लांची नावे संध्याकाळी कोणाच्याही स्मरणात राहत नाहीत. टेनिसचेही असेच आहे. वर्तमानपत्रांत ज्यांची छायाचित्रे झळकतात ते पहिले दहा-वीस खेळाडू आपणांस ठाऊक असतात. त्यांच्याखाली शेकडो खेळाडू याच खेळावर पोट भरण्याची धडपड करीत असतात. त्यांचे जीवन कसे चालते, हे येथे सांगावयाचे आहे.

व्यावसायिक टेनिसमध्ये प्रत्येक विजयाला गुण असतात व त्या गुणांवरून जागतिक क्रमवारी ठरते. मात्र हे गुण कायमचे नसतात. बावन्न आठवडे लोटले की ते गळून पडतात. म्हणून गेल्या वर्षी मिळविलेले यंदा पुन्हा मिळवावे लागते. विंबल्डनसारख्या चार मोठ्या स्पर्धांत एकेरीच्या १२८ जागा असतात आणि त्यांपैकी १०४ केवळ क्रमवारीवरून भरल्या जातात. ज्याचा क्रमांक तीनशेच्या पुढे आहे, त्याला तेथील पात्रता-फेरीचे दारही सहसा उघडत नाही. त्याने छोट्या स्पर्धांची वाट धरावयाची.

अशी एक स्पर्धा आपल्यापासून दोन-अडीच तासांच्या वाटेवर, धारवाड येथे ऑक्टोबर २०२३ मध्ये झाली. पारितोषिकांची एकूण रक्कम २५,००० डॉलर. ऐकावयास ती मोठी वाटते. परंतु तिची वाटणी पाहावी. ओळीने पाच सामने जिंकणाऱ्या विजेत्यास ३,६०० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावाने सुमारे तीन लाख रुपये. आणि पहिल्याच फेरीत हरणाऱ्या सोळा जणांस प्रत्येकी २६० डॉलर, म्हणजे साधारण एकवीस हजार रुपये. त्यातून कर जावयाचा, प्रवास, निवास, रॅकेटचे गटिंग आणि प्रशिक्षकाचे वेतन भागवावयाचे! दूरदेशी जाऊन पहिल्या फेरीत हरलेला खेळाडू पदरमोड करूनच परततो. धारवाडचे विजेते रामकुमार रामनाथन हे २०१८ साली जगात १११ व्या क्रमांकावर होते. म्हणजे ही शिडी चढता येते तशी उतरावीही लागते.

या शिडीवरील एक मराठी नाव म्हणजे ऋतुजा भोसले. १९९६ साली श्रीरामपूर येथे जन्मलेल्या या खेळाडूने अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिक्षण घेतले व तेथील संघातून खेळ केला. मार्च २०२० मध्ये दुबई येथे भारतीय महिला संघाने सांघिक जागतिक स्पर्धेच्या पुढच्या टप्प्यात प्रथमच प्रवेश मिळविला, त्या संघात त्या होत्या. तरीही २०२३ साली एकेरीच्या क्रमवारीत त्या पहिल्या तीनशेंत नव्हत्या.

त्याच वर्षी चीनमधील हांग्झौ येथे आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. मिश्र दुहेरीत ऋतुजांचे जोडीदार होते कर्नाटकातील कोडगूचे रोहन बोपण्णा. वय ४३, आणि दुहेरीत जगातील अग्रगण्य खेळाडूंपैकी एक. ३० सप्टेंबर रोजी अंतिम सामन्यात चिनी तैपेईच्या जोडीने पहिला डाव ६-२ असा घेतला. दुसरा डाव आपल्या जोडीने ६-३ असा जिंकला आणि निर्णायक डाव १०-४ असा घेऊन सुवर्णपदक मिळविले.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. आशियाई स्पर्धेत क्रमवारीचे गुण मिळत नाहीत व स्पर्धेतर्फे पैसाही मिळत नाही. ज्या विजयाने साऱ्या देशाला आनंद झाला, त्याने एकेरीच्या शिडीवर एक पायरीही वर नेले नाही. पदक गळ्यात घालून परतल्यावर पुन्हा तेच छोटे गाव, तीच पहिली फेरी, तोच खर्चाचा हिशेब!

मग अशा खेळाडूस अयशस्वी म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. जगात तीनशेवा वैद्य किंवा तीनशेवा गवई असता, तर आपण त्यास केवढा मान दिला असता! शिवाय हांग्झौचा तो निर्णायक डाव एका दिवसात जिंकला गेला नाही. प्रेक्षकांवाचून खेळलेल्या कित्येक सामन्यांचे बळ त्यामागे होते.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी कोणी खेळ हेच जीवन करू इच्छीत असेल, तर त्याने अवश्य करावे. परंतु शिखराकडे पाहून नव्हे, खालच्या पायऱ्या मोजून. शिक्षणाची शिदोरी सोबत ठेवावी, पैशाचा हिशेब घरच्यांशी मोकळेपणाने बोलावा. आणि पालकांनीही, मुलगा वा मुलगी पहिल्या फेरीत हरून आली, तर 'किती मिळाले?' असे विचारण्याआधी 'कशी खेळलीस?' असे विचारावे. जत्रेत दुपारच्या उन्हातील कुस्त्या लढणारे मल्ल नसतील, तर संध्याकाळचा फड रंगणार तरी कसा?